गळ टाकायला शिकताना: आमिषापासून वजनकाट्यापर्यंत

गळाची हौस लागली की माणूस आधी दुकानात जातो. माझं सांगणं उलटं आहे. आधी पाण्यावर जा, तेही रिकाम्या हाताने. संध्याकाळी एक तासभर काठावर बसा आणि मासा कुठे उसळतोय, बुडबुडे कुठून येतायत, वारा कुठल्या काठाकडे लोटतोय, गावातली पोरं कुठे बसून ओढतायत, हे बघा. काठी, दोरा, गळ, आमिष यांतली प्रत्येक निवड त्या पाण्यातला मासा कुठे राहतो आणि काय खातो यावरून ठरते. हे ध्यानात न घेता घेतलेलं महागडं सामान माळ्यावर पडून राहतं.

इथे मी मुख्यतः पुणे, सातारा, सोलापूरकडच्या धरणांच्या फुगवट्यावरच्या गळाबद्दल लिहितोय. शेवटी थोडं कोकणातल्या खाडीबद्दल आहे, कारण तिथलं गरवणं, म्हणजे गळाने मासे धरणं, हा वेगळा अभ्यास आहे.

परवानगी

आपल्याकडच्या बहुतेक धरणांतली मासेमारी स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. या संस्था पैसे मोजून तलावात मत्स्यबीज, म्हणजे बोटुकली सोडतात. तुमच्या गळाला लागणारा कटला कुणाच्या तरी खर्चाने तिथे आलेला असतो. म्हणून पहिल्या दिवशी गावात जाऊन संस्थेच्या माणसाला भेटा, विचारा, पैसे मागितले तर द्या आणि पावती घ्या. एकदा ओळख झाली की तीच माणसं कुठे खोल आहे, कुठे झाडांची खोडं बुडालेली आहेत, हे आपणहून सांगतात. प्लास्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोल ओळीने तरंगताना दिसले तर खाली त्यांचं जाळं आहे असं समजा आणि लांब बसा.

धरणाची भिंत, सांडवा, पाणी उपसण्याच्या विहिरी आणि अभयारण्याची हद्द या जागी गळ टाकायचा नाही. काही डोहांत देवाचे मासे म्हणून पिढ्यानपिढ्या मासा राखलेला आहे. महाडजवळचं वाळण कोंड आणि वाडा तालुक्यातलं तिळसे ही त्यातली नावाजलेली ठिकाणं. तिथे महसीर बघायचा, त्याला कुरमुरे घालायचे आणि परत यायचं.

पावसाळ्याच्या सुरुवातीची वलगण सोडून द्या, ही माझी कळकळीची विनंती आहे. पहिल्या जोराच्या पावसात मासा अंडी घालायला ओढ्या-ओहोळांतून वर चढतो. तेव्हा तो गर्दीने येतो, सहज सापडतो आणि पोटात गाभोळी असते. त्या आठवड्यांत धरलेली एक मादी म्हणजे पुढच्या सालची हजारो पिल्लं गेली.

पहिला मासा कोणता धरायचा

नवख्याने चिलापीपासून, म्हणजे तिलापियापासून, सुरुवात करावी. हा मासा मूळचा आफ्रिकेचा. १९५२ साली तो भारतात आणला गेला आणि आता उजनीसारख्या धरणांत त्याचाच सुकाळ आहे. मादी पिल्लांना तोंडात सांभाळते, म्हणून ती जगतात आणि वाढतात. चिलापी काठाजवळ येतो, दिवसभर खातो, लहान गळाला लागतो. दहा चिलापी काढताना जे शिकायला मिळतं ते एका कटल्याची महिनाभर वाट बघून मिळत नाही. मात्र जिवंत चिलापी दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडू नका. उजनीत आता काचेच्या टाक्यांतून आलेला सकर मासाही सापडतो. तो गळाला लागला तर परत पाण्यात टाकू नका.

चिलापीत हात बसला की मग रोहू, मृगळ, सिप्रनस (कॉमन कार्प), कटला. यांच्या खाण्याच्या जागा ठरलेल्या आहेत आणि माशाचं तोंड बघितलं की त्या कळतात. कटल्याचा खालचा जबडा पुढे आलेला आणि तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या थरात खातो. मृगळाचं तोंड खाली, तो तळ चाळतो. रोहू मधल्या पाण्यात फिरतो. सिप्रनस तळाचा चिखल उकरतो, आणि शांत पाण्यात एका जागेवरून बारीक बुडबुड्यांचा फेस वर येत सरकताना दिसला तर बहुधा तोच असतो. तरंगा, म्हणजे दोऱ्यावरची तरंगती खूण, किती खोलीवर बांधायचा याचं उत्तर यातच आलं.

मरळ हा शिकारी मासा, गवताच्या कडेने राहणारा. उथळ पाण्यात तांबूस पिल्लांचा घोळका वर-खाली करताना दिसला तर खाली आई-बाप राखणीला असतात. तेव्हा तिथे गळ टाकू नका. पालक गेले की बाकीचे मासे पिल्लं फस्त करतात.

सामान

पहिल्या वर्षाला एवढं पुरतं: सात-आठ फुटांची मधल्या ताकदीची काठी, २५०० किंवा ३००० मापाचं स्पिनिंग रीळ, एक गुंडी तंगूस (नायलॉनचा दोरा), तीन मापांचे गळ, बारीक शिसं, दोन तरंगे, नखकात्री, पक्कड, गळ काढायचा आकडा, एक जाळीचा झेला आणि लटकवायचा वजनकाटा. काठी आणि रीळ दीड-दोन हजारांत कामापुरतं मिळतं. चिलापीसाठी तर बांबूची सरळ काठी आणि तिच्या टोकाला बांधलेला तंगूसही चालतो.

गळाचे नंबर उलटे चालतात. १० नंबर छोटा, ६ त्याहून मोठा, १ अजून मोठा, आणि त्यापुढे १/०, २/० असे वाढत जातात. चिलापीला १० किंवा ८, रोहू-मृगळाला ६ ते ४, कटल्याला २ पासून १/० पर्यंत. गळ फार मोठा घेतला की मासा आमिष चाटून जातो. टोक बोथट झालंय का ते अंगठ्याच्या नखावर टेकवून बघा. नखावरून घसरला तर गळ बदला. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केला तर सोडायचा मासा पटकन सुटतो आणि स्वतःच्या बोटात घुसला तरी डॉक्टरकडे जायची वेळ येत नाही. मात्र मासा निसटू नये म्हणून दोरा सतत ताणलेला ठेवावा लागतो, ती सवय लागलेली चांगलीच.

तंगूस किती किलोचा आहे ते पाकिटावर लिहिलेलं असतं. चिलापीला चार किलोचा, कटल्याला आठ-दहा किलोचा. शिशाचा मणी दाताने चावून बसवू नका. शिसं विषारी आहे, पक्कड त्यासाठीच घेतली आहे.

रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागल्यावर दोरा किती जोराने सुटावा याची पकड, लोक अंदाजाने लावतात. वजनाचा काटा यात उपयोगी पडतो. दोऱ्याचं टोक काट्याच्या आकड्याला बांधा, दुसऱ्याला काटा धरायला सांगा आणि काठी उचलून ओढा. दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर रीळ सुटायला हवं. आठ किलोचा तंगूस असेल तर काट्यावर दोन-अडीच किलो दिसताच दोरा सरसरत यायला पाहिजे.

गाठ

मोठा मासा सुटतो तो बहुतेक वेळा गाठीवर. एकच गाठ शिका पण डोळे मिटून येईल इतकी शिका. तंगूसाचं टोक गळाच्या भोकातून काढा आणि वीतभर पुढे घ्या. हे टोक मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेळा गुंडाळा. आता गळाच्या भोकाजवळ एक छोटा फासा दिसेल, त्यातून टोक ओवा. असं केल्यावर जो मोठा फासा तयार होतो त्यातूनही टोक परत काढा. मग थुंकी लावा आणि गळ पकडून मूळ दोरा हळू, एकसारखा ओढा. वेटोळे एकमेकांवर न चढता शेजारी-शेजारी बसले पाहिजेत. कोरडी ओढली की घर्षणाने तंगूस तापतो आणि तिथेच कमजोर होतो. वेटोळे चढलेले दिसले तर कापून नवी बांधा.

आमिष

चिलापीला गांडुळाइतकं खात्रीचं काही नाही. गावाकडे याला काडू म्हणतात. शेणखताच्या ढिगाखाली, सांडपाण्याच्या कडेला ओल्या मातीत मिळतात. मातीसकट डब्यात, वर ओलं गोणपाट टाकून सावलीत ठेवा. अख्खं लोंबतं गांडूळ लावलं की मासा शेपटीकडून तोडून नेतो, म्हणून तुकडा करा आणि गळावर मोज्यासारखा चढवा, टोक जेमतेम बाहेर.

रोहू, मृगळ, सिप्रनस आणि कटला यांना पिठाची गोळी. मत्स्यशेतीत या माशांना शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा सारख्या भागाने घालतात. त्यामुळे तो वास यांच्या ओळखीचा असतो. पेंड कुटून चाळून घ्या, तव्यावर मंद आचेवर वास सुटेपर्यंत परता. दोन वाट्या पेंडीला एक वाटी डाळ्याचं पीठ आणि चिकटपणासाठी मूठ-दोन मूठ कणीक. पाणी त्याच तलावाचं, आणि थोडं-थोडं. साबणाचा, तंबाखूचा किंवा पेट्रोलचा हात असेल तर आधी मातीने घासून धुवा. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट झालं पाहिजे. आता सुपारीएवढी गोळी करून बादलीतल्या पाण्यात टाका आणि घड्याळ बघा. दोन मिनिटांत विरघळली तर कणीक वाढवा. अर्ध्या तासानेही दगडासारखी राहिली तर पेंड वाढवा. पंधरा-वीस मिनिटांत कडेने सुटत जाणारी गोळी बरोबर. पाण्यात वास तीच पसरवते. हिंग, बडीशेप, ओवा, वेलची हे प्रत्येकाच्या हाताचे मसाले आहेत. चिमूटभर घाला, पण पेंड ताजी असणं त्याहून महत्त्वाचं. खवट पेंडीला कुठलाही मसाला वाचवत नाही.

जागा ठरली की कोंडा आणि पेंडीचे लिंबाएवढे चार-पाच गोळे आसपास टाका. त्याहून जास्त नको. पोट भरलं की मासा गळाकडे ढुंकून बघत नाही, आणि जास्तीचं पीठ तळाशी सडतं.

मरळाला बेडूक लावतात. मी जिवंत बेडूक लावत नाही, तुम्हीही लावू नये असं मला वाटतं. रबरी बेडूक गवतावरून झटके देत ओढला की मरळ तसाच तुटून पडतो.

वेळ आणि जागा

उन्हाळ्यात पहाट आणि दिवस मावळताना. हिवाळ्यात मात्र पहाटेचं पाणी गार असतं आणि मासा सुस्त. ऊन चढल्यावर उथळ काठ तापतो, तेव्हा दहा ते तीन चांगला वेळ. वारा ज्या काठाला लागतो तिकडे पाण्यावरचं खाद्य गोळा होतं. तोंडावर वारा घेत गळ फेकणं जड जातं, पण मासा तिकडे असतो. ओढा जिथे फुगवट्याला मिळतो ती जागा, बुडालेल्या जुन्या रस्त्याची किंवा बांधाची कड, उथळावरून एकदम खोल होणारा उतार, या जागा हेरून ठेवा. धरण उतरलेलं असताना, एप्रिल-मेमध्ये, एकदा जाऊन काठाचे फोटो काढा. पावसाळ्यानंतर ते सगळं पाण्याखाली जातं आणि मासा नेमका तिथेच फिरतो.

टोच, झटका आणि काढणं

तरंगा सतत टुकटुक हलतोय पण बुडत नाही, तेव्हा बारीक मासा गोळी कोरत असतो. थांबा. चिलापी दोन-तीन टोचा मारून तरंगा तिरका ओढतो. कटला मोठं तोंड उघडून पाण्यासकट गोळी आत ओढतो, तरंगा जागच्या जागी थरथरतो आणि मग बुडतो. तळाला टाकलेल्या गळावर कधी-कधी तरंगा उलट वर येऊन आडवा पडतो. माशाने गोळी उचलली आणि शिशाचा भार तरंग्यावरून गेला, असा त्याचा अर्थ. त्याही वेळी मारायचं. झटका मनगटाचा, छोटा. खांद्यातून मारलेल्या झटक्याने माशाचं तोंड फाटतं किंवा दोरा तुटतो.

मासा लागला की काठी उंच आणि वाकलेली राहू द्या. तो पळतो तेव्हा रीळ फिरवू नका, पळू द्या. थांबला की काठी उचला, खाली आणताना दोरा गुंडाळा. घाई मोठ्या माशाच्या शेवटच्या दहा फुटांत होते. काठ बघून तो पुन्हा एकदा जोरात फिरतो, ते गृहीत धरा आणि ड्रॅग घट्ट करू नका. झेला आधीच पाण्यात बुडवून धरा आणि मासा झेल्यावर आणा, झेला माशामागे पळवू नका.

ठेवायचा की सोडायचा

हे मासा काढायच्या आधी ठरवलेलं असावं. खायचा असेल तर लगेच डोक्यावर एक ठोका देऊन मारा, कल्ल्याजवळ कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फात घाला. पिशवीत तडफडत ठेवलेल्या माशाचं मांस मऊ पडतं, आणि जिवाचे हाल होतात ते वेगळेच. सोडायचा असेल तर हात ओले करा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. पाण्याबाहेर अर्ध्या मिनिटाहून जास्त नको, उन्हाळ्यात त्याहूनही कमी. परत सोडताना पाण्यात सरळ उभा धरा, स्वतःच्या ताकदीने निसटेपर्यंत.

महसीर लागला तर त्याला सोडायचाच. धरणांनी आणि वाळूउपशाने त्याच्या अंडी घालायच्या जागा गेल्या. लोणावळ्याला वळवण तलावाशेजारच्या टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याची पिल्लं तयार करून सोडली जातात, तेव्हा कुठे तो टिकून आहे.

वजन

मासा किती किलोचा, याचं उत्तर काट्याने द्यावं. अंदाजाने सांगितलेलं वजन संध्याकाळपर्यंत वाढतं, आणि पुढच्या माणसाला तिथे खरंच काय मासा आहे ते कळत नाही.

लटकवायचा काटा दोन प्रकारचा मिळतो, स्प्रिंगचा ताणकाटा आणि डिजिटल. दोन्ही चालतात, पण घरी तपासून घ्या. दोन लिटरची बाटली रिकामी तोला, मग मापाने बरोबर दोन लिटर पाणी भरून तोला. नुसत्या बाटलीचं वजन वजा केल्यावर दोन किलोच्या आसपास यायला हवं. काटा शंभर ग्रॅम जास्त दाखवत असेल तर तो फरक झाकणाच्या आत लिहून ठेवा.

सोडायचा मासा कल्ल्यात आकडा अडकवून तोलू नका. कल्ले फाटतात आणि मासा पोहून गेलेला दिसला तरी मरतो. जाळीची किंवा जाड प्लास्टिकची पिशवी ओली करा, रिकामी काट्याला लावून शून्य करा, मग मासा त्यात आडवा ठेवून उचला. काटा धरलेला हात शरीराला टेकवा, आकडा स्थिर होऊ द्या. हे सगळं जमिनीपासून वीतभर उंचीवर, म्हणजे निसटला तरी आपटत नाही.

काटा नसेल तर शिंप्याची टेप पुरते. तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत लांबी आणि पाठीच्या सर्वांत फुगीर भागाभोवती घेर, दोन्ही सेंटिमीटरमध्ये घ्या. घेराचा वर्ग करा, लांबीने गुणा आणि २९,००० ने भागा. ६० सेंटिमीटर लांब आणि ४२ घेराचा मासा असेल तर ४२ गुणिले ४२ म्हणजे १,७६४, गुणिले ६० म्हणजे १,०५,८४०, भागिले २९,००० म्हणजे साधारण ३.६ किलो. हा अंदाजच आहे, पण डोळ्याने केलेल्या अंदाजापेक्षा पुष्कळ खरा.

वहीत तारीख, जागा, पाण्याची पातळी, आमिष, खोली, जात, लांबी आणि वजन लिहा. रिकाम्या हाताने परतलात तो दिवसही लिहा.

खाडीवर जाताना

कोकणात गरवायला जाताना तिथी आधी बघा. जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, तेवढे वाजता भरती पूर्ण होते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. थोडं मागे-पुढे होतं, म्हणून बंदराच्या भरतीच्या तक्त्याशी ताडून बघा. नवख्याने भांगेच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे जावं. उधाणात पाणी इतकं ओढतं की हलकं शिसं तळाला टिकत नाही, आणि कातळावर बसलात तर मागची वाट कधी पाण्याखाली गेली ते कळत नाही. भरती सुरू झाल्यावरचे दोन तास आणि ओहोटीचं पहिलं पाणी, हे जिताडा-तांबोशी या खाडीतल्या माशांचे वेळ. आमिष जिवंत कोळंबी किंवा बांगड्याची फोड.

जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि काही वर्षांनी मादी होतो. सगळ्यात मोठे जिताडे माद्याच असतात, त्यातला एखादा सोडाल तर खाडीवर उपकार होतील. त्याच्या कल्ल्यांची झाकणं पात्यासारखी कापतात, तिथे बोट घालू नका. समुद्रातल्या ५४ जातींसाठी राज्याने २०२३ साली किमान लांबी ठरवून दिली आहे. टेप जवळ असू द्या आणि लहान मासा सोडा. केंड (फुगणारा मासा) लागला तर तो खायचा नाही, विषारी असतो.

शिंगाळा माशाच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंच्या परांत काटे असतात, त्यांतही विष असतं. काटा लागला तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, वेदना उतरते. मग डॉक्टरकडे जा, काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो.

पोहता येत असलं तरी कातळावर आणि होडीत लाईफ जॅकेट घाला. शेवाळलेल्या कातळावर रबरी चपलेने जाऊ नका. धरणाखालच्या नदीत पाणी सोडण्याचा भोंगा ऐकू आला की सामान तिथेच टाकून वर या. सांगलीजवळची कृष्णा आणि चिपळूणची वाशिष्ठी इथे मगरी आहेत, तिथे पाण्यात पाय सोडून बसू नका. वीज कडाडायला लागली किंवा वरून तारा जात असतील तर काठी खाली आडवी ठेवा. कार्बनच्या काठीतून वीज जाते.

तुटलेला तंगूस काठावर टाकू नका, बगळ्यांच्या आणि रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) पायांत अडकतो. गुंडाळून डब्यात घालून घरी आणा. खाडीवरून आल्यावर रीळ त्याच रात्री गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धरा, पुसा, ड्रॅग सैल करा आणि दांड्याच्या सांध्यात मशीनच्या तेलाचा थेंब सोडा. वापरलेले गळ कोरडे करून वेगळ्या डबीत ठेवा. एक गंजका गळ बाकीच्या सगळ्यांना गंज लावतो.